नाकासमोर

काही माणसं जन्मतःच नाकासमोर चालतात. मी त्यांतला. लहानपणी घरी पाहुणे आले की आई माझी ओळख करून देताना, "हा आमचा धाकटा. अगदी नाकासमोर चालणारा हो," असं म्हणायची आणि पाहुणे माझ्या नाकाकडे बघायचे. नाकात बघण्यासारखं काही नव्हतं. चालण्यातही नव्हतं. ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काहीच नसतं त्याच्यासाठी हे वाक्य आपल्याकडे राखून ठेवलेलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे लग्न ठरल्यावर. मुलीकडच्यांनाही माझ्याविषयी एवढंच सांगण्यात आलं होतं.

पुढे नोकरीही तशीच लागली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. नट, बोल्ट, वायसर, गॅस्केट मोजायचे, रजिस्टरात लिहायचे, पुन्हा मोजायचे. राहायला कुंभवलीला. आमच्या कुंभवलीत नाकाला एक जास्तीचं काम आहे. वारा कुठून वाहतो ते ओळखायला इतर गावांत लोक झाडाकडे नाहीतर ढगाकडे बघतात, आम्ही हुंगतो. खारट वास आला म्हणजे वारा समुद्रावरचा. सडक्या कोबीचा, जळक्या रबराचा किंवा दवाखान्यातल्या फरशीचा वास आला म्हणजे वारा फिरला. त्यातून अमुक वास कुठल्या बाजूच्या प्लॉटवरचा हेही इथली जुनी माणसं सांगतात. हे ज्ञान कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत, पण मला ते आयुष्यात एकदा उपयोगी पडलं. ते कसं, ते सांगतो.

गेल्या डिसेंबरात आमच्या नातवाच्या शाळेने एक स्पर्धा जाहीर केली. घरी तयार केलेलं, हाताने फेकून उडवायचं, बिनइंजिनाचं विमान. ज्याचं जास्तीत जास्त वेळ हवेत राहील तो पहिला. सोबत एक छापील कागद होता, त्यावर पालकांनी सही करायची: 'हे विमान माझ्या पाल्याने स्वतः तयार केले आहे.' कागद मी चष्म्याच्या डबीखाली ठेवला आणि नातवाला म्हटलं, "चल, करू या." या 'करू या'मधलं अनेकवचन किती खोटं असतं ते पुढे दिसेलच.

मराठी माणसाचं आणि विमानाचं नातं तसं जुनं. तुकाराम महाराजांना न्यायला विमान आलं होतं आणि ते डळमळल्याची तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात. सांगणारे पुष्कळ आणि पुरावा थोडा, अशी ती गोष्ट आहे. प्राचीन विमानविद्येचा म्हणून जो ग्रंथ दाखवतात, त्यातली विमानं उडणं शक्य नाही असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९७४ सालीच देऊन ठेवला आहे. पण खरोखरीचं उदाहरणही आहे. कांदिवलीला चारकोपातल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली, आणि २०१८ साली त्यांच्या कारखान्यासाठी आमच्याच पालघर जिल्ह्यात जागा द्यायचं ठरलं होतं. तेव्हा गच्चीवर सहा आसनी विमान होत असेल, तर ओटीवर बिनआसनी व्हायला काय हरकत आहे, असा साधा हिशेब मी केला.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावर होता. (ताटल्या-वाट्यांच्या थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली, माळ्यावरच्या थर्माकोलवर आमच्या घरात त्याच्याही आधीपासून होती, पण ती अंमलात आली नव्हती.) त्याचे पंख कापले. मधला दांडा म्हणून खराट्याचे चार हीर एकत्र बांधले. पंख दांड्याला चिकटवायला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं. सोल्युशनने थर्माकोल खाल्ला. चावून नव्हे, अक्षरशः विरघळवून; पंखाच्या मधोमध उंदराने पाडावं तसं भोक. नातू टाळ्या पिटत म्हणाला, "आबा, पुन्हा लाव ना!" मुलांना विमान उडण्यापेक्षा विरघळणं जास्त आवडतं. दुसऱ्या वेळी पांढरा गोंद वापरला आणि तो वाळेपर्यंत चोवीस तास ओटीवर कुणाला पंखा लावू दिला नाही.

मागच्या शेतात भात कापून झाला होता. खाचरं मोकळी, खाली सुकलेली खुंटं. तिथे पहिलं उड्डाण झालं. विमान हातातून सुटलं, नाक वर करून जरासं चढलं, क्षणभर थबकलं, आणि एकदम नाक टाकून खाली आलं. पुन्हा सावरलं, पुन्हा चढलं, पुन्हा थबकलं, पुन्हा खाली. एखादा कारकून साहेबाच्या केबिनपर्यंत रजेचा अर्ज घेऊन जातो, दाराशी परततो, पुन्हा जातो, तसं. शेवटचा चढ संपायच्या आत जमीन आली.

"याला स्टॉल म्हणतात," मागून आवाज आला. शेजारचे भट्टीवाले काका. आडनाव वेगळं आहे. पण आयुष्यभर तारापूरच्या अणुशक्ती केंद्रात नोकरी केल्यामुळे आमच्या आळीत त्यांना हेच नाव पडलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना समजावून सांगायला कुणी मिळत नाही. मी मिळालो.

त्यांनी विमान दोन बोटांवर तोललं. "पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर हे तोललं गेलं पाहिजे. तुमचं निम्म्याच्याही मागे जातंय. नाक हलकं आहे. वजन लावा."

वजन म्हणून आमच्या सौ.च्या डबीतलं चार आण्याचं नाणं मिळालं. चार आणे २०११ सालीच चलनातून गेले, पण सौ.ने पंधरा-वीस नाणी 'असू देत' या खात्यावर जपून ठेवली आहेत. त्यांतलं एक मी नाकाला चिकटवलं. माझ्या चार आण्यांच्या अकलेचा उपयोग शेवटी झाला, असं सौ. म्हणाली. नातू हसला. नातवंडं अशा वेळी नेमकी आजीच्या बाजूची असतात.

आता विमान गचके खाईना; दगडासारखं सरळ खाली येऊ लागलं. "मग आता शेपटीची मागची कड जराशी वर वाकवा," काका म्हणाले. वाकवली. आणि काय सांगू, विमान एका रेषेत, शांतपणे, देवळात निघालेल्या म्हाताऱ्यासारखं पंधरा पावलं गेलं आणि खुंटांवर पोट टेकून बसलं.

काकांनी यातली मेख समजावून सांगितली, ती मला फारच आवडली. नाकावरचं वजन विमानाला पुढून खाली ओढतं. वाकवलेली शेपटी मागून खाली दाबते. दोघांचं भांडण आहे, आणि विमान सरळ चालतं ते या भांडणामुळेच. कारण नाकावरचं वजन काही बदलत नाही, पण शेपटीचा जोर वेगावर असतो. विमान नाक खाली घालून वेगात निघालं की शेपटीचा दाब वाढतो आणि नाक वर येतं. नाक फार वर गेलं, वेग पडला, की शेपटी ढिली पडते, वजन जिंकतं आणि नाक पुन्हा खाली. कुणी हात लावायचा नाही; आपली चूक आपणच दुरुस्त होते. (इतक्या वर्षांचा संसार झालेल्या माणसाला हे यंत्रशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याकडे नाक कोण आणि शेपटी कोण हे मी सांगणार नाही.)

"आमच्या भट्टीचं असंच होतं," काका म्हणाले. "पहिल्या दोन, १९६९ च्या. उकळत्या पाण्याच्या. तिथे पाणी दोन कामं करतं. उष्णता नेतं आणि न्यूट्रॉनांना धीमं करतं. धीमे झाले तरच ते पुढचा अणू नीट फोडतात. भट्टी जास्त तापली की पाण्यात वाफेचे बुडबुडे वाढले. बुडबुड्यात पाणी कुठलं? न्यूट्रॉन धीमे होईनात, भट्टी आपोआप मंदावली. कुणी ओरडून सांगावं लागत नाही."

"आणि ते चेर्नोबिल?" मी विचारलं. आपल्यालाही काही माहीत आहे हे अधूनमधून दाखवावं लागतं.

"तिथे बुडबुडे वाढले की भट्टी जास्तच पेटायची. १९८६ साली काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल."

त्या रात्री मी फार खुशीत होतो. म्हणजे आईचं ते वाक्य केवळ पाहुण्यांसाठी नव्हतं तर! नाकावर पुरेसं वजन असणं ही विमानाची, अणुभट्टीची आणि स्टोअरकीपरची एकच थोरवी होती. पुढचे चार दिवस मी त्या विमानाच्या मागे लागलो. पंख सपाट होते, त्यामुळे विमान एका अंगाला कलंडलं की कलंडतच जाई. पंखांची टोकं दोन-दोन बोटं वर उचलली. आता एक पंख खाली झुकला की विमान त्या बाजूला घसरतं, समोरून येणारा वारा त्या खालच्या पंखाला जास्त कोनात लागतो आणि त्याला वर ढकलतो. मग शेपटीवरचं उभं पान फार लहान वाटलं, कारण विमान मागचा भाग हलवत चालायचं. मोठं केलं. फार मोठं झालं. मग ते कलंडून वळायला लागलं की वळतच राही आणि गिरक्या घेत जमिनीत घुसे. पुन्हा कापलं. एक पंख किंचित पिळवटला होता, तो चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून सरळ केला, आणि त्या सकाळी चहाला जरासा थर्माकोलचा वास आला. शेवटी, कुठे काही राहायला नको, म्हणून नाकावर आणखी एक चार आण्याचं नाणं लावलं, वर मातीचा गोळा, आणि तेवढीच शेपटी आणखी वाकवली.

झालं. विमान इतकं स्थिर झालं की वाकडं फेकलं तरी सरळ जाई. फक्त लांब जात नसे. आणि जोरात फेकलं तर वर जाऊन पाठीवर उलटून एक कोलांटी घेई, म्हणून मी नातवाला ते जोरात फेकायची बंदी केली.

आता नातू कुठे होता, असं तुम्ही विचाराल. मीही पाचव्या दिवशी विचारलं. तो ओटीच्या पायरीवर बसून कुत्र्याला माझ्या विमानाची कातरणं खायला घालत होता. "अरे, तुझं विमान आहे ना?" मी म्हटलं. तो म्हणाला, "मी फेकणार आहे ना, आबा." त्याच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. मुनिमजींनी वही पुढे केल्यावर शेठजी सही करतात, तितक्याच निर्मळ मनाने तो फेकणार होता.

आणि मला चष्म्याच्या डबीखालचा कागद आठवला. 'पाल्याने स्वतः तयार केले आहे.'

मी तेहतीस वर्षं 'प्रत्यक्ष मोजून पाहिले' याखाली सही केली आहे. एकदाही न मोजता केली नाही. (दोनदा केली. दोन्ही वेळा वायसर होते.) त्या कागदावर सही करायची म्हणजे वायसरपेक्षा मोठी बाब. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "सगळेच आईबाप करून देतात हो. स्पर्धा मुलांची असते, विमानं पालकांची." मी म्हटलं, मग सगळ्यांनीच खोटं लिहिलं की ते खरं होतं का? ते म्हणाले, "खरं होत नाही, पण स्थिर होतं." माणूस अणुशक्तीतला, त्याच्याशी वाद घालू नये.

पण त्या विषयाने डोक्यात घर केलं. मदत कुठवर करायची? हाताला धरून कात्री चालवली तर ती मदत. हात सोडवून स्वतः कापलं तर काय? आणि आपण मुलाला जे देतो ते नेमकं काय असतं: स्थैर्य, की सावरता येणं? या दोन गोष्टी एक नाहीत हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

विमानवाल्यांत यावरून सरळ दोन घराणी आहेत. पहिलं फ्रान्समधल्या आल्फोन्स पेनोचं. १८७१ साली याने रबराच्या पिळावर चालणारं एक छोटं विमान पॅरिसच्या त्विलरीच्या बागेत लोकांसमोर उडवलं. अकरा सेकंदांत चाळीस मीटर. वर उचललेले पंख, मागे शेपटी, सगळं आपल्याआपण सावरणारं. माझ्या ओटीवरच्या विमानाचा तो खापरपणजोबाच. पेनोचं म्हणणं, स्थैर्य यंत्राच्या अंगातच असलं पाहिजे. खुद्द पेनोला ते लाभलं नाही. दुखणं, निराशा, आणि १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आपलं आयुष्य संपवलं.

दुसरं घराणं राइट बंधूंचं. गंमत म्हणजे त्यांनाही विमानाचं वेड लागलं ते पेनोच्याच धर्तीच्या एका खेळण्यामुळे. १८७८ साली त्यांचे वडील, हे धर्मोपदेशक होते, एक भिरभिरं घेऊन आले. बूच, बांबू आणि कागद यांचं, रबरावर वर उडणारं. पोरांनी ते मोडलं आणि मग स्वतः तसलीच बनवत बसली. वडिलांनी 'आणा इकडे, मी करून देतो' असं म्हटल्याची नोंद नाही. पुढे हे दोघे सायकली बनवायला लागले; आणि सायकल ही वस्तूच अशी की उभी केली तर पडते, चालवली तर राहते. त्यांनी १९०३ साली जे विमान उडवलं ते मुद्दाम अस्थिर ठेवलं होतं. पंखांची टोकं वर नाहीत, किंचित खालीच झुकलेली. सावरायचं काम विमानाचं नाही, माणसाचं. सतरा डिसेंबरला पहिली झेप बारा सेकंदांची, आणि त्या दिवशीची शेवटची एकोणसाठ सेकंदांची. अगदी आपलं 'तेजस' घ्या. २००१ साली पहिल्यांदा उडालेलं हे लढाऊ विमान मुद्दाम अस्थिर बांधलेलं आहे, कारण फार स्थिर विमान चटकन वळत नाही. ते क्षणोक्षणी संगणक सावरतो. हे वाचून मला धक्काच बसला. सरकारने आपणहून डळमळीत विमान बनवलं, आणि त्याचं कौतुक!

या दोन घराण्यांच्या मध्ये कुठेतरी सर जॉर्ज केली हे इंग्रज म्हातारबुवा उभे आहेत. यांनी १८०४ सालीच हाताने फेकायचं पहिलं नीटस ग्लायडर बनवलं होतं. १८५३ साली, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी मोठं ग्लायडर बांधलं आणि त्यात आपल्या गाडीवानाला बसवून दरीवरून सोडलं. तो जिवंत उतरला आणि तिथल्या तिथे नोकरी सोडतो म्हणाला, असं केलींच्या नातीने पुढे सांगितलं. नातवंडं सगळं बघत असतात, एवढं मी त्यातून घेतलं.

आता खरं सांगतो. मला पेनो, राइट आणि केली यांची काळजी नव्हती. मला आठवत होता आमचा मुलगा. बारावी झाल्यावर त्याला जहाजावर जायचं होतं. चिंचणीच्या किनाऱ्यावर बसून बसून हे खूळ डोक्यात शिरलं असावं. फॉर्म आणला होता. मी तो फाडला नाही, ओरडलोही नाही. मी नाकासमोर चालणारा माणूस. मी फक्त वजन लावलं. आईची तब्येत, बहिणीचं लग्न, घराचं कर्ज, एकेक नाणं. त्याने केमिकलचा डिप्लोमा केला, वसाहतीतच नोकरी लागली, सायकलने दहा मिनिटं. आज पंचेचाळिशीला आला आहे. तीन पाळ्यांत काम करतो, हप्ते वेळेवर भरतो, डबा विसरत नाही. कधी एका शब्दाने बोलला नाही. आणि न बोलण्याचा अर्थ मी इतकी वर्षं 'माझं बरोबर होतं' असा लावत आलो. स्टोअरमध्येही तक्रार आली नाही की माल बरोबर पोचला असं आम्ही धरत असू.

बरोबर होतं का? जहाजावर गेला असता तर बुडाला असता, की कप्तान झाला असता? विमानाचं बरं असतं. उचललं, शेपटी जरा वाकवली, पुन्हा फेकलं. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. मुलाला पुन्हा अठराव्या वर्षावर नेऊन, फक्त एक नाणं काढून, दुसऱ्यांदा कसं फेकणार?

त्या रात्री मुलगा दुसऱ्या पाळीवरून आला तेव्हा साडेअकरा झाले होते. मी जागाच होतो. त्याने हातपाय धुतले, जेवायला बसायच्या आधी टेबलावरचं विमान उचललं आणि, मी बघतच राहिलो, ते सवयीने दोन बोटांवर तोललं.

"बाबा, नाकावर फारच चढवलंय तुम्ही."

"पडायला नको म्हणून," मी म्हटलं.

"पडत नाही. पण जातही नसेल." त्याने मातीचा गोळा नखाने काढला, वरचं नाणं सोडवलं, आणि वाकवलेली शेपटी अंगठ्याने हळूहळू जवळजवळ सरळ केली. "वजन काढलं की शेपटीही उतरवायची. नाहीतर पुन्हा गचके."

"तुला कुठून माहीत?"

तो जरासा हसला. "लहानपणी पुष्कळ केली. तुमच्या स्टोअरच्या जुन्या रजिस्टरांचे पुठ्ठे मस्त होते."

अरे देवा! ते पुठ्ठे! सात वर्षं मी ते पुठ्ठे नेण्याचा संशय आमच्या शिपायावर घेतला होता. माणूस बिचारा निवृत्त होऊन गावी गेला. आता त्याला पत्र लिहायचं तर काय लिहायचं?

"मग मला कधी दाखवली नाहीस?"

"तुम्ही मोजून घेतले असते," मुलगा म्हणाला आणि जेवायला बसला. आमटी गरम करू का, असं मी विचारलं. नको म्हणाला. मग आम्ही बराच वेळ विमानाविषयीच बोललो. जहाजाचा विषय दोघांनीही काढला नाही. तो ताटात बोटाने पंखाचा आकार काढून दाखवत होता. त्याला इतकं बोलताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

सकाळी मी नातवाला तो छापील कागद वाचून दाखवला आणि म्हटलं, "हे विमान माझं. तू तुझं कर. अडलं तर विचार." त्याला हे फारच अन्यायाचं वाटलं. आजीलाही वाटलं. "एवढासा पोर, आणि कागदाची कसली मिजास!" असं ती म्हणाली. पण उरलेल्या थर्माकोलचं त्याने विमान केलं. पंख एकसारखे नव्हते. नाकावर वजन म्हणून आजीकडून कणकेचा गोळा मागून घेतला. संध्याकाळी ते बरं उडालं, सकाळी पुन्हा गचके खायला लागलं. मला कारण तत्काळ कळलं: रात्रीतून कणीक सुकली, पाणी उडालं, वजन घटलं. ओठापर्यंत आलेलं ते वाक्य गिळताना मला जो त्रास झाला तो नोकरीत साहेबासमोरही झाला नव्हता. मी ओटीवर बसून गप्प राहिलो. पाऊण तास लागला त्याला. मग तो आपण होऊन म्हणाला, "आबा, हे हलकं झालंय," आणि चघळलेला च्युइंगगम लावून मोकळा झाला. कागदावर मी सही केली. च्युइंगगमचा उल्लेख केला नाही.

स्पर्धेत त्याचा नववा नंबर आला. पहिल्या आठांतल्या विमानांचे पंख इतके गुळगुळीत होते की त्यांच्या आजोबांचं कौतुक करावंसं वाटलं. नातवाला नवव्या नंबराचं काहीच वाटलं नाही; त्याचं विमान एकदा मुख्याध्यापकांच्या खुर्चीखालून गेलं, हीच बातमी त्याने आळीभर सांगितली.

राहिलं माझं विमान. रविवारी मुलाला सुट्टी होती. आम्ही तिघे मागच्या खाचरात गेलो. मी हवा हुंगली. खारट. समुद्रावरचा वारा, सरळ आणि हलका. "आता फेका," मी म्हटलं.

"तुम्ही फेका," मुलगा म्हणाला.

"मी जोरात फेकत नाही."

मग त्यानेच ते घेतलं, वाऱ्याकडे तोंड करून जरासं तिरकं धरलं आणि मागे वाकून फेकलं. ते चढलं. कोलांटी घेईल म्हणून मी डोळे मिटणार होतो, पण ते वर जाऊन अलगद डावीकडे कललं आणि मोठं वर्तुळ घ्यायला लागलं. खाली तापलेल्या खाचरावरची हवा वर चढत असावी. दुसऱ्या वर्तुळाला ते उतरायच्या ऐवजी वरच गेलं. मधेच जरा डळमळे, माझ्या पोटात गोळा येई, आणि सावरे. "आबा, ते येतच नाहीये!" नातू ओरडत धावत सुटला. मुलगाही त्याच्या मागोमाग, चप्पल हातात घेऊन. मी एकटा बांधावर उभा राहून सवयीने सेकंद मोजत होतो. एकेचाळिसाला ते वाऱ्याबरोबर वाहवत रस्त्यापलीकडे गेलं आणि एका उंच ताडाच्या शेंड्यात अडकून बसलं.

आम्ही तिघे खाली उभे राहून पुष्कळ वेळ वर बघत होतो. ताडी काढायला रोज सकाळी एक जण त्या झाडावर चढतो. तो म्हणाला, उद्या काढून देतो, पण मोडलं असेल तर माझ्याकडे बोलायचं नाही. विमानाचं काय ते होवो. नाकावरचं चार आण्याचं नाणं मात्र परत आलं पाहिजे, असं सौ.ने बजावलं आहे. तिच्या डबीत एक कमी भरतं आहे आणि ती मोजून बघते.